जिथे निवड, तिथे जागा : व्हिडिओत दडवलेल्या माहितीविषयी



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, ते गणिताचे शिक्षक होते. म्हणून या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी विषयाची मोकळीक देताना एकच अट घातली : गणित असावे, पण फळा लागू नये. त्या अटीत बसेल असा विषय मी घेतला आहे. आपण मोबाईलवर पाहतो त्या कॉम्प्रेस केलेल्या व्हिडिओच्या पोटात गुप्त माहिती कशी दडवतात, शोधणारे ती कशी शोधतात, आणि या लपाछपीत आपल्यासारख्या नागरिकांनी कोणती बाजू सांभाळायची, हे मला सांगायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. माहिती दडवायची खरी जागा चित्रात नसते. चित्र साठवताना यंत्र जे हजारो छोटे निर्णय घेते, त्या निर्णयांत ती असते. जिथे निवड आहे, तिथे जागा आहे. पुढचा तासभर मी याच एका वाक्याचा विस्तार करणार आहे.

एक फरक सुरुवातीलाच स्पष्ट करू. संदेश कूटभाषेत लिहिणे ही एक गोष्ट, आणि संदेश आहे हेच कळू न देणे ही दुसरी. कूटसंदेश पहारेकऱ्याच्या हाती पडला तर त्याला तो वाचता येणार नाही कदाचित, पण या दोघांचे काहीतरी चालले आहे एवढे कळतेच. आणि पुष्कळदा तेवढेच पुरते. मजकूर काय होता याची वाट न पाहता, कोण कोणाशी बोलत होते एवढ्यावरून माणसे उचलली गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. म्हणून दडवणाऱ्याला संवादच लपवायचा असतो. या विद्येला स्टेगॅनोग्राफी म्हणतात. व्यवहारात दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ करतात : आधी मजकूर कूटबद्ध करायचा, मग तो दडवायचा. कूटबद्ध झालेल्या मजकुरातले ० आणि १ कोणत्याही नियमाविना आल्यासारखे दिसतात, आणि दडवायला तसलाच माल सोयीचा.

ही विद्या जुनी आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने गुलामाच्या डोक्यावर गोंदवून केसांखाली पाठवलेल्या निरोपाची हकिगत लिहून ठेवली आहे. पण तिला गणिताची बैठक मिळाली ती विसाव्या शतकात, आणि तीही अण्वस्त्र कराराच्या निमित्ताने. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिका आणि सोव्हिएत युनियन यांच्यात सॉल्ट-२ कराराची बोलणी चालू होती. एकमेकांची क्षेपणास्त्रे किती हे मोजू द्यायचे, पण ती नेमकी कोणत्या सायलोत, म्हणजे जमिनीखालच्या क्षेपणास्त्र-कोठीत, आहेत हे कळू द्यायचे नाही, असा पेच होता. सायलोत संवेदक बसवायचे, त्यांनी फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढे कळवायचे, आणि निरोप अस्सल असल्याची खूण म्हणून सोबत एक गणिती सही जोडायची, असा विचार पुढे आला. सँडिया प्रयोगशाळेतले गणितज्ञ गुस्ताव्हस सिमन्स यांना त्यातली फट दिसली. एकाच निरोपाखाली एकापेक्षा अधिक वैध सह्या करता येत असतील, तर त्यांतली कोणती सही केली यातूनही काही बिट, म्हणजे ० किंवा १ असे अंक, पलीकडे पोचवता येतात. अमेरिकेच्या मिनिटमन क्षेपणास्त्रांचे सायलो होते १०००. दहा बिटांचे १०२४ वेगवेगळे क्रम होतात. म्हणजे सहीतून दहा बिट निसटले की सायलोचा क्रमांक प्रतिपक्षाच्या हाती.

१९८३ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे भरलेल्या क्रिप्टो परिषदेत सिमन्स यांनी हा प्रश्न तुरुंगाच्या गोष्टीचे रूप देऊन मांडला. दोन कैदी वेगवेगळ्या कोठड्यांत आहेत आणि त्यांना पळून जायचा बेत ठरवायचा आहे. चिठ्ठ्या नेणार वॉर्डन, आणि तो प्रत्येक चिठ्ठी वाचणार. कूटभाषेचा वास आला की चिठ्ठ्या बंद. तेव्हा निरोप असा लिहायचा की वॉर्डनला ती ख्यालीखुशालीच वाटावी. या क्षेत्रातले लोक आजही शोधणाऱ्याला वॉर्डनच म्हणतात. वॉर्डन दोन जातीचे असतात. एक नुसता वाचून पुढे देतो. दुसऱ्याला संशय असो वा नसो, तो प्रत्येक चिठ्ठी आपल्या शब्दांत पुन्हा लिहितो आणि मग पोचवतो. हा दुसरा वॉर्डन ध्यानात ठेवा. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

आता व्हिडिओकडे वळू. फुल एचडी फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८०, सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. रंगाचा तपशील उजेडापेक्षा कमी साठवायचा ही नेहमीची सवलत घेऊनही ठिपक्यामागे सरासरी १२ बिट लागतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर हिशेब जातो सेकंदाला ६२ कोटी बिटांवर. आणि तोच व्हिडिओ मोबाईलवर सेकंदाला ५० लाख बिटांत नीट दिसतो. शंभरातले ९९ बिट गेले कुठे?

ते दोन वाटांनी जातात. पहिल्या वाटेचे श्रेय बंगळुरूत जन्मलेल्या एका अभियंत्याकडे जाते. नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होते. चित्रातल्या ठिपक्यांची मांडणी एका विशिष्ट गणिती रूपांतराने बदलावी ही त्यांची कल्पना अनुदान देणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशनला पसंत पडली नाही. पैसे मिळाले नाहीत, काम थांबले नाही. जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा लहानसा शोधनिबंध छापून आला. त्यातले ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ पुढे जेपीईजी चित्रांचा आणि एमपीईजी व्हिडिओचा पाया झाले. कल्पना अशी : चित्राचा ८ गुणिले ८ ठिपक्यांचा चौकोन घ्यायचा आणि त्याचे ६४ ठिपके ६४ सहगुणकांत मांडायचे. पहिला सहगुणक चौकोनाच्या सरासरी उजेडाचा, नंतरचे सावकाश बदलांचे, शेवटचे अगदी बारीक तपशिलाचे. डोळ्याला शेवटच्यांची फारशी पर्वा नसते. म्हणून प्रत्येक सहगुणक ठरावीक पायऱ्यांवर बसवतात, बारीक तपशिलाच्या पायऱ्या जाड ठेवतात, आणि बहुतेक सहगुणक शून्य होऊन जातात. २००३ मध्ये आलेले आणि आजही सर्वत्र वापरात असलेले एच.२६४ हे मानक याच रूपांतराची पूर्णांकांत बसवलेली आवृत्ती वापरते.

दुसरी वाट काळाची. क्रिकेटच्या प्रक्षेपणात एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत खेळपट्टी, सीमारेषा, प्रेक्षक बहुतांशी तेच असतात. तेव्हा पूर्ण चित्र पुन्हा पाठवण्याऐवजी एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ कॉम्प्रेस करणारा प्रोग्राम, एवढेच लिहितो की मागच्या फ्रेममधला अमुक चौकोन उचल आणि इतका डावीकडे, इतका खाली सरकवून इथे बसव. या सरकवण्याच्या सूचनेला मोशन व्हेक्टर म्हणतात. एच.२६४ मध्ये तो पाव ठिपक्यापर्यंत अचूक असतो. सरकवूनही जो फरक उरतो, तेवढाच वर सांगितलेल्या पद्धतीने सहगुणकांत मांडतात.

आता ज्यावर हे सारे व्याख्यान उभे आहे ती गोष्ट. व्हिडिओची आंतरराष्ट्रीय मानके फाइल उलगडणाऱ्या डिकोडरला बांधून ठेवतात आणि एन्कोडरला मोकळे सोडतात. आलेले बिट कसे उलगडायचे हे मानकात अक्षरशः ठरलेले आहे. पण फ्रेमचे चौकोन मोठे पाडायचे की छोटे, मागच्या कोणत्या फ्रेमकडे बोट दाखवायचे, कोणता व्हेक्टर निवडायचा, पायरी किती जाड घ्यायची, हे मानक सांगत नाही. ते एन्कोडर लिहिणाऱ्याच्या अकलेवर सोडलेले आहे, आणि कंपन्यांची स्पर्धाही त्यावरच चालते. त्यामुळे एकाच दृश्याच्या वैध फायली अक्षरशः अगणित असू शकतात, आणि यंत्र त्यांतली एक निवडते. सिमन्स यांच्या सहीची हीच गत होती.

समजा एखादा माणूस रोज पुण्याहून मुंबईला मोटारीने जातो. कधी द्रुतगती मार्गाने, कधी जुन्या महामार्गाने. ज्या दिवशी दोन्ही रस्त्यांना सारखाच वेळ लागणार आहे, त्या दिवशी तो कोणत्या रस्त्याने आला यावर पनवेलला उभ्या असलेल्या मित्राला एक बिट कळवता येतो, आणि कोणाला काही वावगे वाटत नाही. पण जुन्या रस्त्यावर तासाभराची कोंडी असताना, ती माहीत असूनही, तो तिकडूनच आला, तर नाक्यावरच्या शहाण्या पोलिसाने भुवई उंचावलीच पाहिजे. दडवण्याची कला आणि शोधण्याची कला, दोन्हींचे मर्म एवढ्यात आले. समान निवडींमध्ये बिट घाला आणि वाईट निवड कधी करू नका, हे पहिलीचे. कोणी विनाकारण वाईट निवड केली का ते पाहा, हे दुसरीचे.

प्रत्यक्षात हे तीन ठिकाणी चालते.

पहिले ठिकाण सहगुणकांचे. समजा एखाद्या सहगुणकाची किंमत ४७ आहे आणि पायरी १० ची. ४.७ म्हणजे जवळचा पूर्णांक ५. दडवणारा ठरवतो की सम आकडा म्हणजे ०, विषम म्हणजे १. त्याला ० हवा असेल तर तो ५ ऐवजी ४ लिहितो. चूक झाली, पण लहान. याहून सुरेख उपाय म्हणजे ज्यांची किंमत ४५ च्या आसपास आहे, ज्यांना ४ म्हटले काय आणि ५ म्हटले काय, जवळजवळ सारखेच, असेच सहगुणक शोधून तेवढेच वापरणे. जेसिका फ्रिड्रिक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हा मार्ग मांडला. त्यातली अडचण उघड आहे : निवडलेले सहगुणक कोणते हे मूळ चित्र हाती नसलेल्या मित्राला कसे कळावे? त्यावर त्यांनी अशी संकेतरचना दिली की घेणाऱ्याला ते कळण्याची गरजच उरत नाही. तो सगळे सहगुणक एका ठरलेल्या गणितातून काढतो आणि निरोप बाहेर येतो. या फ्रिड्रिकबाईंचे नाव इथल्या काही तरुणांना वेगळ्या कारणाने माहीत असेल. रुबिक क्यूब झपाट्याने सोडवण्याची त्यांच्या नावाची पद्धत जगभर वापरली जाते.

चित्रात जे जमते ते व्हिडिओत जसेच्या तसे जमत नाही. व्हिडिओतला चौकोन शेजारच्या चौकोनावरून अंदाजला जातो, पुढची फ्रेम मागच्या फ्रेमवरून. त्यामुळे एका जागी केलेला बदल पुढे पसरत जातो, आणि काही सेकंदांत भिंतीवर डाग हलू लागतात. म्हणून बदल एन्कोडर चालू असतानाच करावा लागतो, म्हणजे पुढचे अंदाज बदललेल्या आकड्यांवरूनच बांधले जातात.

दुसरे ठिकाण मोशन व्हेक्टरचे, आणि खास व्हिडिओचे म्हणावे असे हेच. व्हेक्टर पाव ठिपक्याने इकडे की तिकडे, यावर बिट बसतो. गंमत अशी की व्हेक्टर थोडा चुकला तरी चित्र फारसे बिघडत नाही, कारण उरलेला फरक नंतर भरून काढला जातो. किंमत मोजावी लागते ती फाइलच्या आकारात. एन्कोडर काटकसरी आहे आणि दडवणारा त्याला थोडा उधळा करतो, इतकेच. फुल एचडी फ्रेममध्ये १६ गुणिले १६ चे ८१६० चौकोन बसतात. त्यांतल्या दर दहातल्या एकाने एक बिट नेला तरी फ्रेमला ८१६ बिट झाले. सेकंदाच्या २५ फ्रेमपैकी २४ अशा धरल्या तर दहा मिनिटांच्या व्हिडिओत सुमारे १५ लाख बाइट, म्हणजे नुसत्या मजकुराची दोन-तीन जाडजूड पुस्तके. कागदावर. प्रत्यक्षात शहाणा माणूस इतके कधीच भरत नाही. का, ते पुढे येईल.

तिसरे ठिकाण चित्राच्या बाहेरचे, फाइलच्या बांधणीत. एमपी-४ फाइल एकापुढे एक ठेवलेल्या खणांची असते. प्रत्येक खणावर त्याची लांबी आणि नाव लिहिलेले. एका खणात अनुक्रमणिका असते : अमुक फ्रेम अमुक जागेपासून सुरू होते. अनुक्रमणिका ज्या जागेकडे बोट दाखवत नाही तिकडे प्लेअर फिरकतही नाही. २०११ मध्ये याचा फायदा घेऊन फाइल अशी बांधण्याची युक्ती प्रसिद्ध झाली की प्लेअरमध्ये उघडली तर चित्रपट चालावा, आणि ट्रूक्रिप्ट या कूटबद्ध तिजोरीच्या प्रोग्रामला योग्य पासवर्ड देऊन दिली तर तीच फाइल डिस्क म्हणून उघडावी. जागा भरपूर मिळते, कौशल्य कमी लागते. आणि पकडणेही तितकेच सोपे. अनुक्रमणिकेतल्या नोंदींची बेरीज करा, फाइलच्या लांबीशी ताडून पाहा. बेहिशेबी बाइट उघडे पडतात. इथे निवडीचा आडोसा नाही, नुसती रिकामी जागा आहे. म्हणून या तिन्हींत हे ठिकाण मी सर्वांत कच्चे मानतो.

आता काटकसरीचे थोडे गणित, शब्द दिल्याप्रमाणे फळ्याविना. दोन बिट पाठवायचे असतील तर साधी पद्धत दोन जागा घेते आणि सरासरी एका जागी बदल करते. त्याऐवजी तीन जागा घ्या : पहिली, मधली, शेवटची. पहिली आणि मधली मिळून सम की विषम, हा एक बिट. मधली आणि शेवटची मिळून सम की विषम, हा दुसरा. दोन्ही आधीच जुळत असतील तर हात लावू नका. फक्त पहिला बिट चुकत असेल तर पहिली जागा बदला. फक्त दुसरा चुकत असेल तर शेवटची. दोन्ही चुकत असतील तर मधली एकटी बदला, दोन्ही सुधारतात. चार शक्यतांपैकी तीनमध्ये एकच बदल, एकीत शून्य. दोन बिटांसाठी सरासरी पाऊण बदल. जागा वाढवत गेलात की हा भाव आणखी उतरतो. रॉन क्रँडल यांनी १९९८ मध्ये सुचवलेली ही कल्पना ड्रेस्डेनच्या आंद्रेयास वेस्टफेल्ड यांनी २००१ मध्ये ‘एफ-५’ या प्रोग्राममध्ये प्रत्यक्ष आणली.

एफ-५ ची पुढची कथा बोधप्रद आहे. बदल थोडे होते, पण ते नेहमी आकडा शून्याच्या दिशेने ढकलत, म्हणून चित्रात शून्ये जास्त व्हायची. पण जास्त म्हणजे कशापेक्षा? मूळ चित्र तर वॉर्डनकडे नसते. पुढच्याच वर्षी फ्रिड्रिक आणि सहकाऱ्यांनी त्यावर तोड काढली. संशयित चित्र उलगडा, कडेच्या चार ठिपक्यांचा पट्टा कापून टाका आणि पुन्हा कॉम्प्रेस करा. आठाआठाच्या चौकोनांची जाळी सरकली, दडवण्याचे ठसे विस्कटले, आणि निष्पाप चित्रात शून्ये किती असती याचा चांगला अंदाज हाती आला. मूळ नसताना मूळ बांधून काढायचे, हे शोधणाऱ्याचे कसब.

व्हिडिओच्या वॉर्डननेही तेच केले, पण निर्णयांच्या पातळीवर. प्रामाणिक एन्कोडर आसपासचे व्हेक्टर तपासून त्यांतला सर्वांत किफायतशीर निवडतो. तेव्हा फाइलमधला प्रत्येक व्हेक्टर घ्या, त्यात एक मिळवून आणि एक वजा करून पाहा. शेजारचा व्हेक्टर अधिक चांगला निघाला, तर एन्कोडरने तो का सोडला? एखाददुसऱ्या वेळी असे होतेच. कॉम्प्रेशनमध्ये मूळ तपशील गेलेला असतो आणि आपला हिशेब थोडा चुकतो. पण हे वारंवार दिसू लागले की समजावे, निवड करणाऱ्याच्या मनात काटकसरीखेरीज आणखी काहीतरी होते. २०१४ मध्ये चिनी संशोधकांनी प्रसिद्ध केलेली ही कसोटी नाक्यावरच्या त्या पोलिसाचीच नजर आहे. त्यावर दडवणाऱ्यांनी व्हेक्टर बदलला तरी तो आपल्या परिसरात सर्वोत्तमच ठरावा अशा पद्धती शोधल्या, आणि त्यावर पुन्हा नव्या कसोट्या आल्या. ही शर्यत चालूच राहणार.

शर्यतीत एक नियम मात्र पक्का झाला आहे. ऑक्सफर्डचे अँड्र्यू केर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की व्हिडिओ चौपट मोठा केला तर बिनधोक दडवता येणारा मजकूर चौपट होत नाही, दुप्पटच होतो. व्हिडिओ शंभरपट, तर मजकूर दहापट. कारण वॉर्डनलाही तुलना करायला तितकाच जास्त माल मिळतो. म्हणून मघाशी काढलेला १५ लाख बाइटांचा हिशेब फसवा. लोभ हाच इथे पुरावा होतो.

प्रत्यक्ष जगात काय झाले ते पाहू. जून २०१० मध्ये अमेरिकेत दहा रशियन हेर पकडले गेले. ते इंटरनेटवरच्या साध्या चित्रांत निरोप दडवत. त्यांचा खास प्रोग्राम काही कळा दाबून २७ अक्षरी पासवर्ड दिला की उघडत असे. गणिताला कोणी हात लावला नाही. झडतीत एका कागदावर तो पासवर्ड लिहिलेला सापडला, आणि सगळे उघडे पडले. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये २२ वर्षांच्या एका ऑस्ट्रियन तरुणाला अटक झाली. त्याच्या अंतर्वस्त्रांत लपवलेल्या मेमरी कार्डवर अश्लील व्हिडिओ होते. जर्मन तपासकांनी काही आठवडे खपून त्या व्हिडिओतून अल-कायदाची शंभराहून अधिक कागदपत्रे बाहेर काढल्याची बातमी २०१२ मध्ये आली. दोन्ही प्रकरणांत एक साम्य आहे. संशय आधी माणसावर आला, फाइलवर नंतर. लाखो फायली चाळून कोणी हे गुन्हे शोधले नव्हते.

आणि आता तो दुसरा वॉर्डन, प्रत्येक चिठ्ठी पुन्हा लिहिणारा. तुम्ही यूट्यूबवर व्हिडिओ चढवता तेव्हा यूट्यूब तो आपल्या एन्कोडरने नव्याने कॉम्प्रेस करते. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या व्हिडिओचेही तेच होते. जुने व्हेक्टर, जुने सहगुणक, जुने खण सगळे जाते. नवे यंत्र नवे निर्णय घेते. पाव ठिपक्यांत दडवलेला नाजूक निरोप तिथे टिकत नाही. कोणाला पकडण्याचा हेतू नाही, उद्देश डेटा वाचवण्याचा. तरी आजवरचा सर्वांत कार्यक्षम वॉर्डन हाच. मात्र तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, तर ती बिटाला बिट जशीच्या तशी पोचते. चोरवाट बुजते ती सवयीने, कायद्याने नाही.

पुन्हा कॉम्प्रेस केल्यावरही टिकेल अशी खूण घालता येत नाही का? येते, पण मग मजकूर फार थोडा ठेवावा लागतो आणि तो पुन्हापुन्हा, चित्रभर पसरून घालावा लागतो. हाच वॉटरमार्क. त्याचे अस्तित्व गुप्त नसते. तो पुसता येऊ नये एवढीच मागणी असते. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी मिळून २००५ मध्ये डिजिटल चित्रपटगृहांसाठी जे मानक प्रसिद्ध केले, त्यात अशी खूण आवश्यक ठरवली. तिची लांबी अवघी ३५ बिट. १६ बिट वेळेचे, १९ बिट जागेचे. दर १५ मिनिटांना एक शिक्का धरला तर ३६६ दिवसांचे ३५,१३६ शिक्के होतात आणि १६ बिटांत ६५,५३६ मावतात. १९ बिटांत पाच लाखांहून अधिक पडदे. आणि हे ३५ बिट कोणत्याही पाच मिनिटांच्या तुकड्यातून मिळाले पाहिजेत. काळोखात हलत्या हाताने मोबाईलवर चोरून घेतलेल्या चित्रणातूनही ‘कोणता पडदा, कोणता खेळ’ हे कळावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. याचा दणका अभिनेते कार्मिन कॅरिडी यांना त्याआधीच बसला होता. ऑस्करच्या मतदारांना मिळणाऱ्या प्रती त्यांनी एका मित्राला दिल्या, त्या इंटरनेटवर पोचल्या, आणि प्रतीवरच्या खुणेने माग काढून २००४ मध्ये अकादमीने त्यांना काढून टाकले.

आपल्याकडे मराठी निर्मात्याला चोरीची झळ अधिक लागते, कारण त्याची कमाई पहिल्या काही आठवड्यांत होते. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ सुधारणा कायद्याने चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्याला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड ठेवला आहे. दंडाची कमाल मर्यादा लेखापरीक्षित निर्मितीखर्चाच्या पाच टक्के. पण एक गोष्ट न विसरणे बरे. वॉटरमार्क पडदा सांगतो आणि वेळ सांगतो. त्या वेळी मोबाईल कोणाच्या हातात होता, हे तो सांगत नाही. तिथून पुढे साधा, कष्टाचा पोलीस तपासच लागतो.

शेवटी या विद्येची काळी बाजू. ती दडवणाऱ्यांची आहे असे तुम्हाला वाटेल. मला ती भलत्याच ठिकाणी दिसते. डिसेंबर २००३ मध्ये अमेरिकेत धोक्याची पातळी वाढवण्यात आली, आणि पॅरिसहून लॉस एंजेलिसला जाणारी विमाने नाताळात रद्द झाली. त्यामागे काय होते ते काही वर्षांनी अमेरिकी वृत्तपत्रांतून बाहेर आले. एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने गुप्तहेर खात्याला पटवले होते की अल जझीरा वाहिनीच्या प्रक्षेपणात अल-कायदाचे सांकेतिक बारकोड दडलेले आहेत आणि आपला प्रोग्राम ते वाचतो. त्यातून विमानांचे क्रमांक निघतात. फ्रेंचांनी आपल्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. निष्कर्ष सरळ होता : सांगितले जाते तसले बारकोड मावतील इतके ठिपकेच त्या प्रक्षेपणात नव्हते. जागेचा हिशेब कोणी आधी मांडला असता, तर विमाने उडाली असती.

मिशिगन विद्यापीठातल्या नील्स प्रोव्होस आणि पीटर हनीमन यांनी त्याच सुमारास उलट दिशेने काम केले. अतिरेकी ईबेवरच्या चित्रांत निरोप दडवतात अशा बातम्या होत्या. या दोघांनी ईबेवरची २० लाख चित्रे तपासली. त्यांच्या प्रोग्रामने सुमारे एक टक्का चित्रे संशयित ठरवली. मग त्या संशयितांवर शब्दकोशातले पासवर्ड एकेक करून लावून पाहिले. एकही निरोप निघाला नाही. या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्या. शंभरात एकदाच चुकणारी कसोटी आपल्याला उत्तम वाटते. पण दहा लाख व्हिडिओंत खरे दोषी दहा असतील, तर तीच कसोटी दहा हजार निरपराध समोर आणून उभे करते. अशा कसोटीवर कोणाला तुरुंगात पाठवायचे म्हटले, तर जवळजवळ प्रत्येक वेळी चुकीचा माणूस जाईल.

म्हणून माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. व्हिडिओत माहिती दडवण्यावर बंदी घाला, अशी मागणी अधूनमधून होते. ती मला निरर्थक वाटते. एन्कोडरला निवड आहे तोवर जागा राहणार, आणि ती निवड काढून घेतली तर कॉम्प्रेशन सुधारणेच थांबेल. त्याच जागेत हेर निरोप ठेवतो, निर्माता आपली मालकी ठेवतो, आणि ज्याच्या देशात पत्रकाराची बॅग उचकली जाते, तो पत्रकार आपल्या साक्षीदारांची नावे ठेवतो. गणिताला यांतला फरक कळत नाही. तो आपल्याला करावा लागतो.

दुसरा आग्रह पुराव्याचा. अमुक व्हिडिओत गुप्त संदेश आहे असे कोणी, तपास यंत्रणेने वा वृत्तवाहिनीने, सांगितले तर तीन प्रश्न विचारा. ज्या फाइलवरून बोलता ती मूळ आहे की कुठून कुठून पुन्हा कॉम्प्रेस होत आलेली? तुमची कसोटी निर्दोष फायलींवर किती वेळा चुकते? आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा : निरोप बाहेर काढून, दुसऱ्या माणसाला त्याच रीतीने पुन्हा काढता येईल असा, दाखवता का? बर्लिनच्या तपासकांनी कागदपत्रे काढून दाखवली. अल जझीराच्या बाबतीत तसे काही कधीच समोर आले नाही. कसोटीने शंका घ्यावी, तपासाची दिशा ठरवावी. दोष मात्र मजकूर हाती आल्यावरच ठरावा. न दिसणाऱ्या गोष्टीचा आरोप करणे फार सोपे असते, म्हणूनच तो सिद्ध करण्याचे ओझे सगळेच्या सगळे आरोप करणाऱ्याच्या खांद्यावर राहिले पाहिजे. गणिताच्या तासाला आपण उत्तराला गुण देत नाही, रीत दाखवायला सांगतो. सार्वजनिक जीवनातही तेवढेच मागू या.